साक्षीआधीचा महिना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायची, एक ठरलेली चाल आहे. उभं राहायचं, 'जय ख्रिस्त' म्हणायचं, आधी मी कशी होते ते थोडक्यात सांगायचं, मग तो दिवस सांगायचा. आजारपणाचा, अपघाताचा, नाहीतर नवऱ्याची दारू सुटल्याचा. शेवटी आता सगळं कसं छान आहे ते सांगून, प्रभूची स्तुती करत खाली बसायचं. चांगल्या साक्षीला बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. बेताच्या साक्षीलाही 'हालेलुया' मिळतो, त्यात कुणी हात आखडता घेत नाही.

मी इतकी वर्षं ऐकणाऱ्यांच्या बाकावर सुखात बसत आले, कारण माझ्याकडे 'तो दिवस' नाही. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. दृढीकरण, म्हणजे कळत्या वयात तो बाप्तिस्मा पक्का करायचा विधी, शाळेत असताना, बाकीच्या मुलींबरोबर पांढरा फ्रॉक घालून. त्यानंतर मी कधी फार दूर गेले नाही, म्हणून धावत परत येण्याचाही प्रसंग आला नाही. रविवारी देवळात जाते, वर्गणी देते, नाताळात करंज्या तळते. यात सांगण्यासारखं काय आहे?

तर मे महिन्यात महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी यादी लावली आणि जूनच्या शेवटच्या बैठकीपुढे माझं नाव घातलं. मी म्हटलं, "बाई, माझी साक्ष नाही हो काही." त्या म्हणाल्या, "असं कसं? प्रभूने काहीतरी केलंच असेल की." यावर काय बोलणार!

म्हणून जून महिनाभर मी ठरवून दुसऱ्यांच्या साक्षी वाचल्या. एरवी माझं भक्तीचं वाचन म्हणजे परदेशी पुस्तकांची गुळगुळीत भाषांतरं आणि मोबाईलवर सकाळी येणारे गुलाबाच्या फुलांचे संदेश. ते सगळं महिनाभर बाजूला ठेवलं. आपल्याच भाषेत, आपल्याच मुलखातल्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं तेवढं वाचायचं, एवढीच अट. मी एका दवाखान्यात बिलिंगच्या खिडकीवर बसते. वाचायला वेळ मिळतो तो बसमध्ये आणि रात्री ओटा आवरल्यावर.

पहिले हाती लागले बाबा पदमनजी. त्यांचं 'अरुणोदय' 1888 सालचं. जुन्या प्रतीची पानं कुणीतरी स्कॅन करून ठेवली आहेत, ती मोबाईलवर मोठी करत करत वाचली. जुना टाइप, आणि एकेक वाक्य बसमध्ये नाशिकरोडला सुरू होऊन द्वारका चौक आला तरी संपत नाही. बाबा 1831 साली बेळगावात कासाराच्या घरी जन्मले आणि 1854 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या तेवीस वर्षांचा हा हिशेब आहे. घरातली व्रतंवैकल्यं, सणवार, मिशनची शाळा, मुंबई, सगळं येतं. मुंबईत ते परमहंस सभेत जात. ही गुप्त मंडळी. तिथे येणाऱ्याने पाव खाऊन जात मोडल्याची खूण द्यायची आणि बाहेर मात्र कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणजे दार लावून सुधारक, दार उघडलं की पुन्हा जातीतले! बाबांना हे पुरेना. पण पुरेना म्हणून लगेच उठून गेले असंही नाही. रेंगाळले, घाबरले, घरच्यांच्या विचाराने मागे फिरले.

हे रेंगाळणं मला आवडलं. जिथे ते धर्मांची तुलना करत वाद घालतात तिथे मात्र मी भराभर बोट सरकवलं, खरं सांगायला हरकत नाही. वाद जिंकणाऱ्या माणसाचं पुस्तक वाचवत नाही फार. पण घर सोडताना ज्याचा पाय निघत नाही, तो माणूस ओळखीचा वाटतो.

मग पंडिता रमाबाई. त्यांनी 1907 मध्ये लिहिलेली साक्ष मराठीत मिळाली, पाळकसाहेबांच्या कपाटात. पुस्तिकाच आहे, दोन रात्रींत होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 सालचा, इंग्लंडमध्ये वाँटेजला. आमच्या पद्धतीने साक्ष तिथे संपायला हवी. टाळ्या, हालेलुया. पण रमाबाई लिहितात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे आठेक वर्षं गेली. आणि ही आठ वर्षं रिकामी होती का? त्या अमेरिकेला गेल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना घरात घेतलं, इकडे लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि तिकडे ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्या सिस्टरबाईंशी त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, पत्रांतून भांडल्या. एवढं सगळं करूनही बाई म्हणते की अजून मला सापडलं नव्हतं. आमच्या बैठकीत कुणी असं बोललं तर सेक्रेटरीबाई दोन दिवसांत घरी येऊन प्रार्थना करून जातील.

मला त्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकलीही. जे मागे सोडलं त्याच्याकडे त्या फार कडक नजरेने बघतात. बापाने रानात राहून आईला संस्कृत शिकवलं, आईने ते लेकीला दिलं, दुष्काळात आईबाप डोळ्यांदेखत गेले. त्या आईबापांच्या देवधर्माविषयी बोलताना थोडी सैल होती बाई, तर काय बिघडलं असतं, असं मनात आलं. पण मी चौथ्या पिढीची, मला बोलायला काय जातं. ज्याने किंमत मोजली त्याला कडक व्हायचा हक्क असतो. हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी करणारी बाई, काम हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 ला गेली. बायबल छापून आलं 1924 मध्ये. असल्या माणसाला आपण कोण शिकवणार सैलपणा.

आणि मग महिन्याचा उरलेला भाग एकाच पुस्तकाने खाल्ला.

'स्मृतिचित्रे' मी कॉलेजात असताना उताऱ्यापुरतं वाचलं होतं, नवरा विसरभोळा आणि बायको विनोदी, एवढंच लक्षात राहिलं होतं. या वेळी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलं. ते वाचनालय 1840 पासूनचं आहे, आणि मला मिळालेली प्रतही फार नंतरची नसावी असं तिच्या बांधणीवरून वाटत होतं. लक्ष्मीबाई टिळक तर आमच्याच. जन्म 1868 चा, गाव जलालपूर, इथून पश्चिमेला गोदावरीच्या काठी. गेल्याही 1936 मध्ये नाशिकलाच. पुस्तक 1934 ते 1936 मध्ये चार भागांत निघालं, म्हणजे जवळजवळ शेवटच्या श्वासापर्यंत बाई सांगत होत्या.

सुरुवात वडिलांच्या सोवळ्यापासून. आजोबांना सत्तावन्नच्या बंडानंतर फाशी झाली, त्याचा वडिलांनी असा धसका घेतला की त्यांच्या डोक्यात सोवळं शिरलं. बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. ज्या घरात दाणा धुऊन घेतात त्या घरातली ही मुलगी, आणि लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी, ज्यांना घरात काय शिजलं याचाही पत्ता नसायचा.

टिळकांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. ही बाई तेव्हा मूल पदरात घेऊन आप्तांकडे. बातमी आली आणि जमीन गेली पायाखालची. त्यानंतरची वर्षं वाचताना मी पानं उलटायची विसरले. ती नवऱ्याला सोडत नाही आणि त्याच्या मागेही जात नाही. काही वर्षांनी जाते, तर नगरला त्याच्याजवळ राहून आपली चूल वेगळी, आपलं पाणी वेगळं. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये, राहुरीला. नवरा एका दिवसात गेला, बाईला पाच वर्षं लागली. आणि त्या पाच वर्षांचा तिला पश्चात्ताप नाही. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, एवढं एक तिला आतून पटेपर्यंत ती हलली नाही. टिळकांसारखा बोलका नवरा, मिशनची मोठी मोठी माणसं, कुणीही तिला हलवू शकलं नाही. पटलं तेव्हा मात्र मागे वळून पाहिलं नाही. पुढे तिच्याच घरात कुठल्या कुठल्या जातींची पोरं वाढली.

बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारची मुलगी दोनदा वाकून पुस्तकाचं नाव बघून गेली.

पण हसता हसता एक गोष्ट टोचायला लागली आणि ती महिनाभर टोचतच राहिली. लक्ष्मीबाईंनी नगरला आपली घागर वेगळी ठेवली ती कुणापासून? आवारातल्या बाकीच्या ख्रिस्ती बायांपासून. त्या बाया कोण? बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेल्या, महारामांगांच्या. म्हणजे आम्हीच की. लक्ष्मीबाई काही लपवत नाहीत, स्वतःच्या सोवळ्याची सगळ्यांत जास्त थट्टा त्याच करतात. तरी ज्या बाईच्या हातचं पाणी घ्यावं की नाही यावर एवढी पानं लिहिली गेली, त्या बाईला काय वाटत होतं ते कुठल्याच पुस्तकात नाही. बाबा पदमनजी कासार, रमाबाई ब्राह्मण, लक्ष्मीबाई ब्राह्मण. लिहिता येणाऱ्यांनी लिहिलं, त्यांचा दोष नाही. पण मराठी ख्रिस्ती लोकांची पटावरची संख्या ज्यांच्यामुळे झाली, त्यांची साक्ष कुठे आहे? आमच्याविषयी बाहेर एकच वाक्य चालतं: पोटासाठी बाटले.

आमची बैठक जिथे भरते त्या शरणपुराचीही हीच गत. मिशनने ही वस्ती 1854 च्या सुमाराला वसवली. अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या शाळेत शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेत हिंडणाऱ्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेतून घेऊन निघालेल्यांत होता आणि 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये खांदा द्यायलाही होता. त्याने रोजनिशी लिहिली म्हणून त्याचं नाव तरी राहिलं. बाकीची मुलं पुढे मोंबासाकडे गेली. आज शरणपूर रोडवर शोरूम आहेत आणि पार्किंगवरून भांडणं.

तर मी पुस्तकं मिटली आणि रविवारी उपासना झाल्यावर जेलरोडला आत्याकडे गेले. आत्या ऐंशीच्या पुढे आहे. तिच्याकडे गेलं की आधी चहा, मग गुडघ्यांची हकीकत, मग बाकीचं. आमच्या घरातली साक्ष मला तोंडपाठ होती: दुष्काळाच्या वर्षी पणजोबांनी प्रभूला स्वीकारलं, सगळ्या घराने बाप्तिस्मा घेतला, देव्हारा उचलून नदीत सोडला. लहानपणापासून ऐकलेलं. हा दुष्काळ 1899-1900 चा, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याच्याच सुमाराचा, आणि तालुकाही शेजारचा. मी आत्याला म्हटलं, "आत्या, पणजीचं काय गं? ती काय म्हणायची?"

आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजी व्हय? आजी पाण्याचंच सांगायची."

गावात आड होता पाटलाच्या वाड्यामागे. तिथे आपल्या बायांनी घागर खाली ठेवून लांब उन्हात बसायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाहीतर बसायचं तसंच. मिशनच्या आवारात आड होता आणि त्याच्यावर कुणीही पोहरा टाकावा. "आजी म्हणायची, पहिल्या दिशी ती नुसती शेंदतच राह्यली. घागर भरली, काठावरून वाहायला लागली, तरी ही शेंदतीयाच. सासू आली शिव्या देत तवा थांबली." पणजी तेव्हा पंधरा-सोळाची असेल.

"आणि देव्हारा?"

"देव्हारा गेला की नदीत. टाक नाही गेला."

हे मला नवीन होतं. खंडोबाचा चांदीचा टाक पणजीने फडक्यात बांधून कणगीत, ज्वारीच्या तळाशी घातला. साहेबाला ठाऊक नाही, पणजोबाला ठाऊक असून ठाऊक नाही. चंपाषष्ठीला खंडोबाचं नाव घ्यायचं नाही, पण वांग्याचं भरीत आणि रोडगे तेवढे व्हायचे. कुणी विचारलं तर, "वांगी सोत झाली हुती." रविवारी पणजी पहिल्या रांगेत. लिहितावाचता येत नव्हतं, पण टिळकांचे अभंग एकामागून एक तोंडपाठ, आणि म्हणताना सूर सगळ्यांच्या वर. दोन्ही एकाच बाईचं.

"मग त्या टाकाचं पुढे काय झालं?"

आत्या हसायला लागली. "तुझ्या बापाच्या बाप्तिस्म्याला वाळे केले नव्हं का चांदीचे. त्यात गेला. आजीनंच काढून दिला. म्हणली, आता काय त्याचं काम न्हाई."

म्हणजे जवळजवळ अर्धं शतक तो टाक ज्वारीखाली होता. कुणी प्रवचन करून तो बाहेर काढला नाही, कुणी पकडलाही नाही. नातवाच्या पायात घालायला तिला चांदी हवी होती आणि तोवर तिचं तिला समजलं होतं.

मी घरी येऊन हे सगळं वहीत लिहिलं, आत्याच्या शब्दांत, जमेल तसं. त्या रात्री दुसरं काही वाचलं नाही.

महिन्याच्या शेवटी फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण'ही उघडलं होतं. 1616 मध्ये गोव्यात छापलेलं, इंग्लंडहून आलेल्या माणसाने मराठी ओव्यांत रचलेलं. दहा हजारांवर ओव्या आहेत, त्या महिन्याभरात होणं शक्यच नव्हतं. मनात वाचलं तर अडखळायला होतं, म्हणून स्वयंपाकघरात मोठ्याने वाचू लागले. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "जात्यावरची म्हणतेस होय?" आणि स्वतःची एक दळणाची ओवी सुरू केली, तीही पूर्ण केली. त्या दिवशी माझ्या चार ओव्या झाल्या आणि त्यांच्या डझनभर. हे पुस्तक असंच वर्षभर चालू द्यायचं ठरवलं आहे.

बैठकीच्या दिवशी पाऊस धो धो. तरी बायका बऱ्याच आल्या. मी 'जय ख्रिस्त' म्हटलं आणि सांगितलं की माझी साक्ष नाही, पणजीची आहे, तीच देते. आडाचं सांगितलं. टाकाचं सांगताना आवाज जरा खाली गेला, पण सांगितलं. लक्ष्मीबाईंच्या पाच वर्षांचं आणि रमाबाईंच्या आठ वर्षांचं मध्येच थोडं घातलं, म्हणजे पणजी एकटी पडायला नको.

हालेलुया लगेच आला नाही. पाळकबाईंनी गोड शब्दांत सांगितलं की साक्षीचा शेवट प्रभूच्या गौरवाने झाला पाहिजे, आणि मूर्तीचं वगैरे तरुण मुलींसमोर जरा जपून. त्यांचंही एक बरोबर आहे, त्यांना सगळ्यांना सांभाळायचं असतं. मी वाद घातला नाही. पण चहाच्या वेळी मागच्या बाकावरच्या एक आजी जवळ आल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आमच्यात म्हसोबा होता. परसात. माझ्या सासूनं त्याच्यावर तुळस लावली अन् मग काढली, अन् मग जास्वंद लावला." पुढे त्या जास्वंदीचंच सांगत बसल्या. तोवर आणखी दोघीतिघी कपबशा घेऊन आमच्याभोवती उभ्या.

आता ठरलं आहे की ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढचं माणूस आहे, त्यांनी जाऊन लिहून आणायचं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. पहिली अडचण लगेच आली. एकीचा मुलगा म्हणाला, "कशाला जुनं उकरता? पोरांची लग्नं व्हायची आहेत." त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. दाखल्यावर काय लिहिलंय, त्याने नोकरीत काय मिळतं आणि काय जातं, हे आमच्यातल्या प्रत्येक घराने सोसलेलं आहे. म्हणून वहीत जातीचं नाव घालायचं की नुसतं 'खेड्यातून आलेले' म्हणायचं, यावर मंडळात दोन तट आहेत, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा चर्चा आहे. पणजीच्या पानावर मी नाव घातलं आहे. आत्याला वाचून दाखवलं, तर तिने फक्त पाटलाच्या वाड्याची दिशा सुधारून दिली. आड मागे नव्हता म्हणे, उजव्या अंगाला होता.